आबा, मागे कुणी नको

आबा,

तुमच्या जाण्याची बातमी पेपरात चार ओळींची आली. पलटण आली, नोकरीची वर्षं आली, मुलगा, सून, नातवंडं आली. चूक एकही नव्हती. पण तुम्हाला कधी न भेटलेल्या माणसाने ती वाचली असती तर त्याला वाटलं असतं, फारच शांत गृहस्थ दिसतात. फोटोतही तुम्ही तसेच दिसता. ह्या शांत गृहस्थांनी सुनेला भर रस्त्यात ढसाढसा रडवलं होतं, आणि पुढे ह्याच गृहस्थांमुळे कितीतरी बायका साताऱ्यापासून नृसिंहवाडीपर्यंत एकट्या चालत गेल्या, हे त्या चार ओळींत कुठे बसणार? म्हणून मी लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. तुम्ही भांडण अर्धं टाकून गेलात, आणि मला अर्धी कामं आवडत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे.

सुरुवात माझ्या आईच्या नवसापासून झाली. मी सात वर्षांची असताना टायफॉईडने महिनाभर अंथरुणाला खिळले होते. तेव्हा आईने कवठे महांकाळच्या आमच्या घरातून नृसिंहवाडीच्या दत्ताला हात जोडले, पोर उठू दे, चालत येईन. पोर उठली. आईला मात्र पाण्याच्या खेपांतून आणि संसारातून सवड झाली नाही, आणि ती गेली तेव्हा तेवढं एक राहून गेलं. मी म्हटलं, मी फेडते. पण माहेरातून नाही, साताऱ्यातून, आता जिथे राहते तिथून चालत जाते. इथपर्यंत तुमची काहीच हरकत नव्हती. उलट पौर्णिमेला चालत जाणारी मंडळी आहेत, त्यांच्यात जा म्हणालात. मी म्हटलं, मंडळी नको, मी एकटी जाणार.

"एकटी येईन असं बोलली व्हती काय तुजी आई?"

"नाही."

"मग देवानं मागितलंच न्हाई ते तू कशापायी देतीस?"

खरं कारण सांगायची लाज वाटत होती. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. सकाळी एमआयडीसीची बस, दिवसभर कारखान्यात तपासणीच्या टेबलावर, संध्याकाळी घर. एवढ्या वर्षांत मी एक अख्खा दिवस एकटी नव्हते. कुणी काही सांगायला नसलं की मला काय करावंसं वाटतं, ते मला एकदा बघायचं होतं. हे सासऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून मी तोऱ्यात "माझी इच्छा" म्हटलं आणि तुम्ही मिशीवरून हात फिरवत तोंड फिरवलंत. संदीपला फोन लावला, तर तुमचा मुलगा त्याच्या पोस्टवरून म्हणाला, आबांना विचार. फौजी माणसांच्या घरात हुकूम चालतो म्हणतात. आपल्या घरात त्याची नुसती टोलवाटोलवी.

चार दिवसांनी तुम्ही एकदम म्हणालात, "जा. कुनाला सांगत न्हाई, कुनाला इचारत न्हाई. शब्द दिला." तुम्ही इतक्या सहज माघार घेतलीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पौषातले दिवस होते. कृष्णेच्या कडेकडेने, जमेल तिथे आतल्या गावांतून, नाहीतर मोठ्या रस्त्याने. पहिल्याच दिवशी कळलं की एकट्या बाईला लोक "कुठं चाललायसा" हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "संगं कोन न्हाई?" दुसऱ्या दिवसापर्यंत मी शहाणी झाले. रात्री कुठे राहणार ते कुणाला सांगायचं नाही. चार वाजले की पाय थांबवायचे. मुक्कामाला घर शोधताना घर किती मोठं आहे हे बघायचं नाही, अंगणातली दोरी बघायची. तिच्यावर बायकांचे कपडे वाळत असतील त्याच दारात उभं राहायचं. एका देवस्थानच्या गावी भक्तनिवासातल्या माणसाने रजिस्टर पुढे ओढलं आणि विचारलं, "मिस्टर?" मी म्हटलं, ड्यूटीवर. तो म्हणाला, "मग एकट्या लेडीजला रूम मिळत नाही, ताई. सेफ्टीसाठी." माझ्याच सेफ्टीसाठी मला संध्याकाळी पाच वाजता रस्त्यावर काढल्याबद्दल मी त्याचे आभार मानले. समोर बांगड्यांचं दुकान होतं. त्या कासारीणबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं आणि कढत पाणी काढून दिलं.

ताकारी मागे टाकून मी पलूसच्या वाटेला लागले तो पाचवा दिवस. दोन्ही बाजूंना ऊस, माणसाच्या दुप्पट उंच. उसाकडे बघून आपल्याकडच्या माणसाला टनेज दिसतं. एकट्या बाईला दिसतं ते एवढंच, की आत कोण आहे ते दिसत नाही. मागून एक स्कूटर येत होती आणि पुढे जात नव्हती. मी थांबले की थांबायची. मी मुद्दाम चपलेचा पट्टा आवळायला वाकले, तर स्कूटरवाला उतरून टायर दाबून बघायला लागला. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला मफलर. तासभर हे चाललं. देव, आई, नवस, सगळं विसरून मी फक्त मागचा आवाज ऐकत चालत होते.

वळणावर ऊसतोडीची टोळी होती. मी सरळ फडात घुसले आणि मोळी बांधणाऱ्या एका बाईला म्हटलं, "मावशी, तो माणूस माझ्या मागे लागलाय." तिने एक प्रश्न विचारला नाही. नुसती हाक मारली, आणि सहा बायका हातातल्या कोयत्यांसकट रस्त्यावर. स्कूटरची चावी काढून घेतली, मफलर ओढला, आणि आतून निघाले साठी उलटलेले, पांढऱ्या मिशांचे, घामाने चिंब झालेले एक आजोबा.

"आवं ताई, मी जाधव मेजर! तुमच्या सासऱ्यांच्या पलटनीतला!"

आपल्याकडे फौजेतून शिपाई म्हणून रिटायर झालेलाही गावात मेजरच असतो, त्यामुळे ह्या पुराव्याचा उपयोग शून्य. जाधव मेजरांनी तुम्हाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मेजर, मी जाधव. हितं बायांनी धरलंय मला. मी कोन हाय ते जरा ह्यास्नी सांगा."

तुम्ही सावधपणे विचारलंत, "सूनबाई हाय का तितं?"

"हाय की. फुड्यातच उभ्या हायत."

फोनमधून तुमचं खाकरणं ऐकू आलं. मग तुमचा तो घोगरा आवाज आला, "राँग नंबर." आणि फोन बंद.

मला दिलेला शब्द पाळल्याचं दाखवायला तुम्ही तुमचा जिवाभावाचा मित्र सहा कोयत्यांपुढे सोडून दिलात. मी आवाज ओळखला म्हणून बरं, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी तिथेच झाली होती. कळल्यावर त्या बायका हसून हसून खाली बसल्या. मला हसू आलं नाही. मी बांधावर बसून रडले. जाधव मेजर "चुकलं ताई, आमचं लय चुकलं" म्हणत त्यांच्या डब्यातली भाकरी पुढे करत राहिले. त्यांच्याकडूनच कळलं की साताऱ्यापासून वाडीपर्यंत तुम्ही पाच पेन्शनर नेमले होते. एकाची हद्द संपली की तो पुढच्याला फोनवर रिपोर्ट द्यायचा. आणि मी पाच दिवस स्वतःवर खूष होऊन चालत होते.

वाडीला पोचले. आईचा नवस फिटला. दत्तापुढे उभी राहून डोळे मिटले, तर तिथेही तुमच्याशी भांडत होते.

घरी आल्यावर तुम्ही आधीच तयारीत होता. "सरहद्दीवर जवानाला एकटं धाडत न्हाईत. जोडीला मानूस देत्यात."

"जवानाला सांगून देतात ना, आबा?"

तुम्ही टोपी काढून खुंटीला अडकवलीत.

"मला विचारलं असतंत तर मी दोन-तीन ठिकाणी हो म्हटलं असतं. अख्ख्या वाटेत मला सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटली माहिती आहे? तुम्ही पाठवलेल्या माणसाची."

तुम्ही उठून गोठ्यात गेलात आणि सासूबाईंनी, आत्यांनी, नुकतीच वैरण टाकलेल्या म्हशीला पुन्हा वैरण टाकलीत. आत्या चुलीपुढे होत्या. नवरा आणि सून कडाकडा भांडतायत आणि सासू मध्ये एक अक्षर बोलत नाही, असं आपल्याच घरात व्हायचं. पंचेचाळीस वर्षं तुमच्या मागून तीन पावलं चालत आलेली बाई. त्यांना काय वाटलं, ते तुम्हीही विचारलं नाहीत आणि मीही नाही.

आठवड्याने तुम्ही पिशवी आणि डायरी घेऊन एसटीने कुठेतरी गेलात. चौथ्या दिवशी परत आलात आणि बूट काढता काढता म्हणालात, "अकरा घरं झाली." मी म्हटलं, कसली? तुम्ही डायरी माझ्यापुढे सरकवलीत. मी जिथून चालले होते त्या सगळ्या वाटेवरच्या तुमच्या फौजी दोस्तांच्या घरी तुम्ही गेला होतात. पण दोस्तांना बाजूला बसवून घरातल्या बाईला विचारलं होतं, तुमच्या दारात एकटी बाई चालत आली तर मुक्कामाला चालेल का? एका वहिनींनी तुम्हाला काय उत्तर दिलं, ते तुम्ही मला जरा ओशाळून सांगितलंत. "आवं मेजर, ह्या घरात कोन ऱ्हाईल न कोन न्हाई, ह्ये आजपातूर मला कुनी इचारलंच न्हाई." त्यांनी तुम्हाला बसवून जेवायला घातलं.

आबा, तुम्ही तोंडाने कधी "चुकलं" म्हणाला नाहीत. ती डायरी हेच तुमचं म्हणणं होतं, हे मला कळायला वेळ लागला. कारण ती उघडल्या उघडल्या मी पुन्हा भांडायला लागले. तुम्ही लिहिलं होतं, सुभेदार अमुक यांचं घर, हवालदार तमुक यांचं घर. मी म्हटलं, विचारलं बाईला, दार उघडणार बाई, नाव मात्र त्यांचं?

"गावात बाईच्या नावानं घर घावतं व्हय? सरपंचाला बी सांगता यायचं न्हाई."

"घावत नाही म्हणूनच लिहायचं."

तुमचं बरोबर होतं, माझंही बरोबर होतं, आणि आपण दोघंही हेका न सोडणारे. त्या डायरीत पहिली चार घरं अजून पुरुषांच्या नावावर आहेत. पाचव्यापासून दोन्ही नावं आहेत. सातव्यापासून आधी बाईचं आहे. त्यावर आपण पुन्हा एकदा बसणार होतो.

मग बायका जायला लागल्या. आधी माझ्या कारखान्यातली वैशाली, मग कवठे महांकाळच्या एक शिक्षिका, मग त्यांनी सांगितलेल्या आणखी कुणी. एकीला नवसबिवस काही नव्हता, तिला फक्त नदी बघत चालायचं होतं. तिला तुम्ही देवानं मागितलंय का, असं विचारलं नाहीत, हे मी नोंदवून ठेवलं आहे. नियम मी घातला होता. तुम्ही कुणाला फोन करायचा नाही. त्या चार वाजता मुक्कामाला पोचल्या की त्याच तुम्हाला करतील. साडेतीनपासून तुम्ही ओट्यावर फोन घेऊन बसायचात आणि तेवढ्या वेळात घरातल्या कुणी फोनला हात लावायचा नाही. एकदा सांगलीच्या अलीकडे एकीचा फोन आला नाही. साडेचार झाले, पाच झाले. तुम्ही बूट घातलेत, काढलेत, पुन्हा घातलेत. जाधव मेजरांचा नंबर काढून बघत बसलात. पण दाबला नाहीत. पाच वीसला तिचा फोन आला, बॅटरी संपली होती म्हणाली. तुम्ही "बरं, बरं" म्हणालात आणि न्हाणीत जाऊन खूप वेळ तोंड धूत राहिलात. मी दारात उभी होते. त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला, आणि मी तो सांगितला नाही.

आणखी एक सांगितलं नाही. माझ्या त्या चालण्यात, तिसऱ्या दिवशी, कराडच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला दोनदा वळून माझ्या जवळून गेला. तिसऱ्यांदा थांबला आणि जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. मी पळाले नाही, चालत राहिले. पुढे दूध डेअरीपाशी एक बाई कॅन घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि मोठ्यांदा म्हणाली, "किती उशीर केलास गं? कवाधरनं वाट बघतीया." मी तिची कुणीही नव्हते. तो गेला. तुमचा त्या हद्दीतला पेन्शनर तेव्हा चहाला थांबला होता, हे मला नंतर कळलं. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बघ, मी म्हणत नव्हतो? आणि ते मला ऐकायचं नव्हतं. पण तुमची भीती खोटी नव्हती, आबा. त्या भीतीपायी काय करायचं, एवढ्यावरच आपलं भांडण होतं. हे मी तुम्ही असताना बोलायला हवं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा एक मुलगी वाटेवर होती. त्याच दिवशी माणसांनी घर भरलेलं असताना चार वाजता तुमचा फोन वाजला. मी पाहत राहिले, मला हात पुढे करवेना. कोपऱ्यात बसलेल्या आत्या उठल्या, त्यांनी फोन घेतला. "मेजर न्हाईत आता. मी त्यांची मंडळी बोलतीया. तू कुटं पोचलीस ते सांग." पलीकडे ती पोर रडायला लागली, माघारी येते म्हणाली. आत्या म्हणाल्या, "माघारी कशाला? इतकी चाललीस की. जेवलीस का? पाय कसं हायत?" तीन वर्षांत तुम्ही एकीलाही जेवलीस का असं विचारलं नव्हतं. तुम्हाला फक्त लोकेशन हवं असायचं. ती मुलगी वाडीला पोचेपर्यंत रोज आत्याच तिच्याशी बोलल्या, आणि मग त्यांच्या बोलण्यात पायाचे फोड, वाटेतली बोरं, कुणाच्या सुनेचं बाळंतपण असं काय काय यायला लागलं. भेटायला येणाऱ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या.

गेल्या आठवड्यात त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मला बी जायाचंय."

भावकीतल्या काकी म्हणाल्या, "वरीस फिरल्याबिगर देवाला जात न्हाईत, वैनी."

"देवाचं पोचल्यावर बघू. मी वाटंनं चालले."

"संगं कोन?"

"एकटी."

आबा, मी काय बोलले असेन? एकटीनं जायचा हक्क ह्या विषयावर तुमचं डोकं खाल्लेली तुमची सून म्हणाली, "आत्या, तुमचे गुडघे. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. मी रजा टाकते, दोघी जाऊ." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. परवा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी जाधव मेजरांचा नंबर काढून बसले होते. काय सांगायचं तेही मनात ठरलं होतं. लांबूनच राहा, मफलर बांधू नका, आणि त्यांना कळू देऊ नका. मफलर सोडला तर शब्दसुद्धा तुमचेच असणार. नंबर दाबला नाही, डबा तसाच बंद केला.

आज सकाळी आत्या पायरीवर बसून कापडी बूट घालत होत्या. नवे आहेत, त्यांनी स्वतः बाजारात जाऊन आणले. पिशवीत दोन साड्या, औषधाच्या गोळ्या, डायरीतली पानं माझ्याकडून उतरवून घेतलेली. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "आत्या, पुढं कुणाला कळवून ठेवू का? लक्ष ठेवतील."

त्यांचे हात नाडीवर थांबले. "मला इचारतीस?"

"हो."

त्यांनी खरंच विचार केला. घाई केली नाही. मग म्हणाल्या, "मग नगं."

मी बरं म्हटलं. त्या उठल्या, पदर खोचला आणि निघाल्या. रस्त्याच्या मधून चालत होत्या, पुढे कुणी नव्हतं. वळणाशी त्यांनी मागे बघितलं नाही.

आता दहा वाजलेत. मी रजेवर आहे, पोरं शाळेत, घरात कुणी नाही, आणि जाधव मेजरांना मी फोन केलेला नाही. आबा, त्या भांडणात मी बरोबर होते, अजूनही आहे. पण नुसतं बसून राहायला इतकं काळीज लागतं, हे तुम्ही मला एकदा तरी सांगायला हवं होतं.